पहिल्या वर्गावर जाण्याआधी: अनुताई वाघ यांच्या आयुष्यातून नव्या शिक्षकांना मिळणारी शिदोरी

ठाणे, नवी मुंबई, पनवेल, पालघर भागातल्या अध्यापक विद्यालयांत शिकणाऱ्या पोरा-पोरींना दरवर्षी सरावासाठी शाळा मिळते. कुणाला घणसोली-दिघ्याकडची महापालिकेची शाळा, तर कुणाला शहापूर, मुरबाड, जव्हारकडची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. पिशवीत पाठ टाचण, रंगीत तक्ते, खडूचा डबा. आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायची असतात आपली उद्दिष्टं. या वर्गात मी काय करणार? बहुतेक जण लिहितात की वर्गात शिस्त ठेवणार, पाठ वेळेत संपवणार, साधनांचा वापर करणार, फळ्यावरचं अक्षर सुधारणार.

यात चुकीचं काही नाही. परीक्षक हेच बघतात. पण हजेरीपटावर नाव असूनही जे पोर वर्गात बसलेलंच नसतं, त्याच्याबद्दल या पानावर काही नसतं. ते पोर वीटभट्टीवर असतं, खदानीवर असतं, गुरांमागे असतं, नाहीतर घरी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेलं असतं.

याच पोराला उद्दिष्टाच्या पहिल्या ओळीत बसवणारी एक शिक्षिका आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात होऊन गेली. तिचं नाव अनुताई वाघ. जिल्ह्याचे दोन भाग १ ऑगस्ट २०१४ ला झाले. त्याआधी तलासरी-डहाणूपासून बेलापूरपर्यंत सगळा एकच ठाणे जिल्हा होता. त्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू तालुक्यात अनुताईंनी जवळजवळ सारं आयुष्य काढलं. आज गावोगावच्या पाटीवर जो शब्द दिसतो, अंगणवाडी, तो याच भागातल्या कामातून पुढे आला.

मोरगावची लेक

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. अष्टविनायकातला मयुरेश्वर जिथे आहे तेच हे मोरगाव. योगायोग बघा, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाही १७ मार्चचीच, १९७० सालची. त्या दिवशी अनुताई साठ वर्षांच्या झाल्या होत्या आणि कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरांच्या बालवाडीत काम करत होत्या.

तेराव्या वर्षी, म्हणजे १९२३ च्या सुमारास, त्यांचं लग्न झालं. त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा व्हायला अजून सहा वर्षं होती. लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच नवरा वारला. ज्या वयात आजची मुलगी आठवीच्या वर्गात बसते, त्या वयात अनुताई विधवा झाल्या.

विधवेचं त्या काळचं जिणं सांगायला नको. घराचा एक कोपरा, दुसऱ्यांच्या पोरांची उस्तवार, सणावाराला मागे राहायचं. त्यातून बाहेर पडायला बाईला फार थोड्या वाटा होत्या. शिक्षिका होणं ही त्यातली एक. अनुताईंनी ती वाट धरली. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्या. ही मराठी सातवीची परीक्षा. प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचं तर तेव्हा हीच पायरी लागायची. मग पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ साली त्यांनी प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलं.

म्हणजे आज जी मुलगी डी.एल.एड. करून पहिल्यांदा वर्गावर जाते, तिच्याच वयाच्या, एकोणीस वर्षांच्या अनुताई तेव्हा होत्या. फरक एवढाच की पाठीशी सासर नाही, संसार नाही, आणि हातात फक्त ते प्रमाणपत्र.

चांदोरीतली पहिली नेमणूक

पहिली शाळा मिळाली नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या चांदोरीला. गोदावरीच्या काठचं हे शेतकऱ्यांचं गाव. तरुण विधवा बाई परगावाहून एकटी येते आणि शाळेत शिकवते, ही गोष्टच त्या काळच्या खेड्याला नवी होती. मुलींना शाळेत कशाला घालायचं, हा प्रश्न तर घरोघरी होताच. पेरणी-कापणीच्या दिवसांत पोरं शेतावर, आई शेतावर, मग धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी घरी. खेड्यातली शाळा म्हटलं की हे सगळं आलंच.

चार वर्षं त्या चांदोरीत होत्या. नव्या शिक्षकाला पहिली दोन-चार वर्षंच घडवतात, असं जुनी मास्तर मंडळी म्हणतात. ट्रेनिंग कॉलेजात शिकलेला पाठ आणि समोर बसलेलं पोर यांत केवढं अंतर असतं, ते पहिल्याच शाळेत कळतं. अनुताईंचा खेड्यातल्या शाळेशी संबंध जुळला तो इथे. मधली काही वर्षं त्या शहरात राहिल्या खऱ्या, पण शेवटी पाय वळले ते खेड्याकडेच.

दिवसा बाई, रात्री विद्यार्थिनी

१९३३ साली अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. मुलींच्या शिक्षणात पुण्यात या शाळेचं नाव मोठं. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली, नामवंत घरच्या मुली जिथे शिकल्या अशी शाळा. तिथे त्यांनी अकरा-बारा वर्षं काढली. नोकरी पक्की, पगार वेळेवर, शहरातली वस्ती. एकट्या बाईला त्या काळी याहून चांगलं काय मिळणार होतं?

पण दिवसा शिकवून त्या संध्याकाळी रात्रशाळेत जाऊन बसायच्या. १९३७ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या. सकाळी बाई म्हणून उभं राहायचं आणि रात्री विद्यार्थिनी म्हणून बाकावर बसायचं, हे सोपं नाही. त्यातून एक मात्र होतं. शिकणाऱ्याला कुठे अडतं, दिवसभराच्या कामानंतर डोळ्यांवर झापड येताना अक्षर कसं दिसतं, हे शिकवणाऱ्याला स्वतःच्या अंगावर कळतं. पुढे कष्टकऱ्यांच्या पोरांत काम करताना ही समज उपयोगी पडली असणार.

हा शिकण्याचा नाद पुढेही सुटला नाही. पदवी त्यांनी घेतली १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, डोळ्यांचा त्रास असताना. तोवर त्या स्वतः कितीतरी शिक्षिकांना शिकवत होत्या.

बोरिवलीचं शिबिर

१९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गांधी गेल्या. त्यांच्या नावानं ट्रस्ट निघाला. खेड्यातल्या बाया आणि पोरं यांच्यासाठी काम करणाऱ्या सेविका तयार करायच्या, हा त्याचा हेतू. १९४५ साली बोरिवलीला अशा ग्रामसेविकांचं शिबिर भरलं. बोरिवली तेव्हा मुंबईबाहेरचं गावच होतं. हुजूरपागेतल्या अनुताई त्या शिबिराला गेल्या आणि तिथे त्यांची गाठ पडली ताराबाई मोडकांशी.

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करून आलेल्या. मुंबईत दादरला शिशुविहार चालवणाऱ्या. लहान मूल म्हणजे मातीचा गोळा, त्याला धाक दाखवला की ते शिकतं, असं मानणाऱ्या काळात मूल स्वतःच्या हातांनी, खेळातून शिकतं, हे त्या सांगत होत्या. पण त्यांना एक गोष्ट टोचत होती. हे सगळं शहरातल्या चांगल्या घरच्या मुलांपुरतं राहत होतं. खेड्यातल्या गरीब पोराचं काय?

म्हणून ताराबाईंनी बालवाडी खेड्यात न्यायचं ठरवलं. जागा ठरली बोर्डी, डहाणू तालुक्यात समुद्राकाठी. त्यांना सोबत हवी होती. अनुताईंनी पुण्याची पक्की नोकरी सोडली आणि पस्तिसाव्या वर्षी बोर्डी गाठली. सोळा वर्षांचा वर्गाचा अनुभव गाठीशी असून त्या पुन्हा शिकाऊ झाल्या. प्राथमिक शाळा त्यांना माहीत होती, तीन-चार वर्षांच्या मुलांचं शिक्षण ही वेगळीच विद्या होती.

बोर्डी: पोरं येईनात, तर काय करायचं?

बोर्डी-घोलवड म्हणजे चिकूच्या वाड्या, नारळ, पारशी-इराण्यांच्या बागा आणि समुद्र. शिक्षणाची परंपरा तिथे होती. आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक तिथे काम करत होते. पण किनारा सोडून थोडं पूर्वेला गेलं की वारली पाडे लागायचे. तिथलं चित्र वेगळं. जमीन सावकार-जमीनदाराची, गवत कापायचं ठेकेदाराचं, घरात दाणा नाही, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको आयुष्यभर गहाण. ज्या १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू झाली, त्याच साली या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानं किसान सभेचा लढा पेटला होता. बालवाडीचं काम सुरू झालं ते असं पेटलेल्या मुलखात.

बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. मध्यवर्ती बालवाडी निघाली. आणि पहिलाच धडा बाईंना मिळाला. बालवाडी काढली म्हणून सगळी पोरं आपण होऊन येत नाहीत. ज्यांच्या घरी थोडंफार बरं आहे, त्यांची पोरं आली. दलित वस्तीतली पोरं आली नाहीत. आईबाप पहाटेच कामाला जाणार, पोराला कोण न्हाऊ घालणार, कोण आणून सोडणार? आणि जुन्या शिवाशिवीची भीती मनात असताना गावातल्या बालवाडीत आपलं पोर पाठवायचं कसं?

इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पालकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही. असं म्हटलं की शिक्षकाची जबाबदारी संपते. ताराबाई आणि अनुताईंनी उलट केलं. पोरं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी पोरांच्या अंगणात न्यायची. बाई वस्तीत जायच्या. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली पोरं गोळा करायच्या. हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं काढणं, मग गाणी, खेळ, गोष्टी. अंगणात भरते ती अंगणवाडी. ही नावाची साधी कहाणी आहे.

इमारत नाही, फाटक नाही, गणवेश नाही. पोराच्या घरासमोरच सगळं चाललेलं. येता-जाता आई बघायची, आजी बघायची. आपलं पोर हसतंय, गातंय, हे दिसलं की विश्वास बसायचा.

चिंचोके, शिंपले आणि पानं

दुसरी अडचण साधनांची. बालशिक्षणाचं त्या काळचं मोठं नाव म्हणजे मादाम मॉन्टेसरी. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि लढाईमुळे काही वर्षं इथेच राहिल्या. त्यांची साधनं मोठी नेटकी. पॉलिश केलेले लाकडी ठोकळे, दट्ट्या, मणी, रंगीत पट्ट्या. पण ती महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती कुठून परवडणार? आणि परवडली तरी वारली पोरानं असा गुळगुळीत ठोकळा जन्मात पाहिलेला नाही.

तेव्हा तत्त्व तेच ठेवलं आणि साधनं मुलखातली घेतली. समुद्राचे शिंपले, नदीतले गोटे, चिंचोके, बिया, पानं, काड्या, माती. मोठं-लहान लावायचं तर गोटे लावा. मोजायचं तर चिंचोके मोजा. रंग ओळखायचे तर फुलं-पानं आणा. खडबडीत आणि गुळगुळीत हाताला कळायचं तर झाडाची साल आणि शिंपल्याची आतली बाजू आहेच. पैसा लागत नाही, तुटलं तर दुसरं मिळतं. महत्त्वाचं म्हणजे ही वस्तू पोराच्या ओळखीची असते. ज्या वस्तूशी ते रोज खेळतं, तीच शाळेत आली की शाळा परकी वाटत नाही.

आज दुकानातून आणलेल्या चकचकीत तक्त्यांवर पाठाचे गुण मिळतात. पण तो तक्ता पाठ संपला की कपाटात जातो. चिंचोके पोराच्या खिशात घरी जातात आणि तिथेही मोजले जातात.

कोसबाडच्या टेकडीवर

बोर्डीतलं काम बारा वर्षं चाललं, नावारूपाला आलं. पण वारली पाडे अजून लांबच होते. गावात बसून आदिवासी पोरांपर्यंत पोहोचता येत नाही, तर मुक्कामच हलवायचा, असं ठरलं. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या. या वयात माणूस बदली गावाजवळ मागतो. त्या आणखी आत, जंगलाकडे गेल्या.

तिथे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू. आदिवासी पाड्यावर बाहेरचा माणूस दिसला की पोरं पळायची. बाहेरून येणारा म्हणजे सावकार, फॉरेस्टवाला नाहीतर पोलीस, असाच पाड्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. पुस्तकातली मराठी पोरांच्या कानाला परकी. घरात बोलतात ती वारली बोली. बाईंचा शब्द पोराला कळत नाही आणि पोराचा बाईंना. पोटात सकाळपासून काही नाही. अंगावर धड कापड नाही, खरूज झालेली.

अशा वर्गात पाठ टाचणाचं काय करणार? तिथे पहिलं काम म्हणजे पोराची भीती घालवणं. दुसरं काम अंघोळ, औषध, खाणं. त्यानंतर गाणं, नाच, गोष्ट. अक्षराची पाळी सगळ्यात शेवटी. वरवर बघणाऱ्याला वाटेल, इथे शिकवणं कुठे चाललंय? पण जमिनीत वाफसा आल्याशिवाय कुणी पेरणी करत नाही. केली तर बी वाया जातं.

आणि ही पोरं ढ नव्हती. कुठल्या झाडाचा पाला खायचा, खेकडा कोणत्या बिळात सापडतो, पाऊस कधी येणार, हे त्यांना कळत होतं. आया-मावश्या तांदळाच्या पिठानं भिंतीवर जी चित्रं काढत, ती बघत ती वाढली होती. हात कुशल, नजर तीक्ष्ण. फक्त शाळेच्या परीक्षेत हे कुठे विचारत नाहीत. अनुताईंच्या कामात या गोष्टींना जागा मिळाली.

गुरांमागची शाळा

तरी काही पोरं यायचीच नाहीत. ती गुरं राखायची. सात-आठ वर्षांचा पोरगा दुसऱ्याची गुरं राखतो, त्यावर त्याचं पोट चालतं. त्याला शाळेत ये म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं. मग अनुताईंनी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथे कुरणात शाळा भरवायची. गुरं चरतायत, पोरं त्यांच्यावर लक्ष ठेवून झाडाखाली शिकतायत. घंटा नाही, भिंत नाही. या प्रयोगावर त्यांनी पुढे कुरणशाळा याच नावाचं पुस्तक लिहिलं.

मोठ्या मुलींची अडचण वेगळी. आई कामाला गेली की धाकटं भावंड त्यांच्या कडेवर. भावंडाला सोडून येता येत नाही आणि घेऊन आलं तर प्राथमिक शाळेत बसू देत नाहीत. यावर विकासवाडी हे उत्तर निघालं. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि त्यापुढची प्राथमिक शाळा, सगळं एकाच ठिकाणी. ताई भावंडाला घेऊन येते, त्याला पाळणाघरात ठेवते आणि वर्गात बसते. मधेच जाऊन बघून येते. धाकट्याला शाळेची सवय लागते ती रांगायच्या वयापासून, मग पहिलीत जाताना तो रडत नाही.

साधी गोष्ट वाटते. पण गळती थांबवायची तर गळती कशामुळे होते ते आधी शोधावं लागतं. अनुताईंनी घरी जाऊन, पाड्यावर बसून ते शोधलं.

२०२० च्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरलाय. अंगणवाडी, बालवाडी आणि पहिली-दुसरी एकमेकांना जोडायची, असं त्यात म्हटलंय. कोसबाडला हे कितीतरी आधी करून झालं होतं.

शिकवणाऱ्यांना शिकवलं

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ ला गेल्या. त्यानंतर केंद्राची सगळी धुरा अनुताईंवर आली. एकटीनं किती पाडे पुरे पडणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून बालवाडीच्या शिक्षिका तयार करणं हे कोसबाडचं मोठं काम झालं. पुस्तकी भाषा बाजूला ठेवून, खेड्यातली कमी शिकलेली बाईही समजेल अशा शब्दांत त्यांनी बालवाडी कशी चालवावी हे पुस्तक लिहिलं. शिक्षणपत्रिकेचं संपादन केलं. आपल्या वाटचालीबद्दल कोसबाडच्या टेकडीवरून हे पुस्तक लिहिलं.

१९७२ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. १९८५ साली जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीतल्या वस्तीच्या अंगणातून निघालेला हा मराठी शब्द आज देशभरच्या सरकारी कागदांवर आहे. बिहारमध्येही अंगणवाडी आणि तमिळनाडूतही अंगणवाडी.

२७ सप्टेंबर १९९२ ला अनुताई गेल्या. वय ब्याऐंशी. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला होता. जिल्ह्याच्या एका टोकाला नवं शहर उभं राहत होतं, त्याच्या इमारतींवर विटा-रेती वाहायला डहाणू-जव्हार-मोखाड्याकडची माणसं येत होती. त्यांची पोरं बरोबर असायची. आजही असतात.

आजच्या वहीत काय लिहावं?

अनुताईंचं आयुष्य बघितलं तर नव्या शिक्षकाला पहिल्या वर्गासाठी पाच कामं ठरवता येतात.

१. पहिल्या आठवड्यात हजेरीपट घेऊन न येणाऱ्या मुलांची यादी करायची आणि निदान दोन-तीन घरं स्वतः जाऊन बघायची. का येत नाही, हे घरीच कळतं. कुटुंब स्थलांतर करणार असेल तर मुख्याध्यापकांना सांगून शिक्षण हमी कार्डाची चौकशी करायची, म्हणजे पोराला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येईल.

२. मुलांच्या घरच्या बोलीतले वीस-पंचवीस शब्द शिकून घ्यायचे. वारली असो, कातकरी असो, आगरी असो की नाक्यावरच्या मजुराच्या पोराची कन्नड, हिंदी, लमाणी. पोराच्या बोलीत एक शब्द बोललं की ते मान वर करतं.

३. निदान एक साधन गावातल्याच वस्तूचं करायचं. ते पाठ संपल्यावर पोरांकडेच राहू द्यायचं.

४. भुकेलं, आजारी, घाबरलेलं पोर ओळखायचं. त्याला आधी बरं वाटू द्यायचं, मग अक्षर. दुपारचं जेवण सगळ्यांच्या ताटात नीट पडतंय का, हे बघणं हाही पाठच आहे.

५. शाळेजवळच्या अंगणवाडी सेविकेशी ओळख करायची. पुढल्या वर्षीचं पहिलीचं पोर आज तिच्याकडे आहे. त्याच्याबद्दल तिला जेवढं माहीत आहे, तेवढं कुठल्याच नोंदवहीत नसतं.

यातल्या एकाही कामाला पैसा लागत नाही, वरिष्ठांची मंजुरीही लागत नाही. लागतो तो वेळ. सराव काळ थोड्या दिवसांचा असतो हे खरं, आणि पाठांची संख्या पुरी करायची घाईही असते. पण पहिल्या शाळेत लागलेली सवय निवृत्तीपर्यंत जात नाही. फक्त समोर बसलेल्यांना शिकवायचं ही सवय लागली तर तीच राहते. न आलेल्याला शोधायची लागली तर तीही राहते.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कायदा झाला, शाळा झाल्या, अंगणवाड्या झाल्या. तरीही पारसिकच्या डोंगरालगतच्या खाणवस्तीत, भिवंडी-वाड्याच्या वीटभट्ट्यांवर शाळेच्या वेळात पोरं दिसतात. त्यांना कायद्याचं कलम माहीत नाही आणि त्यांच्या आईबापांनाही नाही. त्यांच्यापर्यंत हा हक्क पोहोचायचा तर कुणाला तरी तिथवर चालत जावं लागेल. या वर्षी सरावासाठी शाळेवर निघालेल्यांपैकी एखादा किंवा एखादी तिथे गेली, तरी एका वर्गाचा पट पुरा होईल.